मांडीवरचे यंत्र

मंडळी, पुरुषोत्तमनगर म्हटले की साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. कारखाना म्हटला की वजनकाटा आलाच. उसाने भरलेली गाडी काट्यावर उभी राहते आणि वजन होते. हा काटा जमिनीत पक्का बसवलेला असतो. तो उचलून कोणी शेतात नेत नाही.

आता शहाद्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई पाहा. तिच्याजवळ लहानसा ताजवा असतो. ती तो पाटीत घालते आणि गावोगाव फिरते. काम दोन्हींचे एकच, वजन करण्याचे. पण कारखान्याचा काटा त्या बाईला काय उपयोगाचा? आणि बाईचा ताजवा कारखान्याला काय उपयोगाचा? ज्याचे काम जेवढे, त्याचे यंत्र तेवढे असावे.

संगणकाचेही तसेच आहे. संगणक म्हणजे हिशेब करणारे, लिहून ठेवणारे आणि विचारले की शोधून दाखवणारे यंत्र. ते मोठे असते, तसे लहानही असते. मांडीवर ठेवून काम करता येते त्या संगणकाला लॅपटॉप म्हणतात. त्यातही एक लहान, हलकी आणि स्वस्त जात आहे. आज आपण तिची ओळख करून घेऊ. असे यंत्र घरात घ्यावे का, घ्यावे तर काय पाहून घ्यावे, तेही ठरवू.

१. खोलीतून मांडीवर

पहिले संगणक फार मोठे होते. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथे १९६० साली आपल्या माणसांनी एक संगणक पुरा केला. त्याचे नाव टिफ्रॅक. त्याचा सांगाडा सुमारे १८ फूट लांब होता. त्यात अडीच हजारांहून अधिक काचेच्या नळ्या होत्या. तो घरी नेण्याची गोष्टच नव्हती. ज्याला काम असेल त्याने यंत्राकडे जायचे.

पुढे नळ्या गेल्या. त्यांच्या जागी नखाएवढे भाग आले. यंत्र आटत गेले. १९८१ साली अमेरिकेत ऑसबॉर्न नावाचा संगणक निघाला. तो पेटीसारखा बंद करून हाताने उचलता येई. पण वजन किती? सुमारे ११ किलो! शिवाय त्याच्या आत बॅटरी नव्हती. जिथे वीज असेल तिथेच तो चाले.

२००७ साल या बाबतीत महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी तैवानच्या एका कंपनीने ई-पीसी नावाचा छोटा लॅपटॉप विकायला काढला. त्याचे वजन एक किलोपेक्षाही कमी होते. पडदा फक्त सात इंचांचा. मोठ्या लॅपटॉपची सगळी कामे त्याला झेपत नव्हती. पण पत्र लिहिणे, हिशेब ठेवणे, बातमी वाचणे ही रोजची कामे होत होती. किंमतही मोठ्या यंत्रापेक्षा पुष्कळ कमी होती. लोकांनी तो आवडीने घेतला. मग इतर कंपन्यांनीही तशी यंत्रे काढली.

आपल्या देशातले उदाहरण घ्या. २०२३ साली जिओबुक नावाच्या लहान लॅपटॉपचा नवा नमुना बाजारात आला. तेव्हा त्याची किंमत १६,४९९ रुपये सांगितली होती. वजन ९९० ग्रॅम, म्हणजे किलोभर गुळाच्या ढेपेएवढे. कुठे अकरा किलोची पेटी आणि कुठे ही किलोभराची पाटी!

२. यंत्र माणसाकडे आले

यंत्र हलके झाले म्हणून काय मोठे झाले, असे तुम्ही विचाराल. उत्तर आपल्याच तालुक्यात आहे.

शहादा तालुक्यात टेंभली नावाचे गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी त्या गावी आपल्या देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे आले होते. आधारची नोंदणी कशी होते, ते तुम्ही पाहिले असेल. टेबलावर लॅपटॉप असतो. त्याला फोटो काढायचे, बोटांचे ठसे घ्यायचे आणि डोळे टिपायचे यंत्र जोडतात. हा सारा संच एका पेटीत मावतो. तो जीपमध्ये घालता येतो. जीप जात नसेल तिथे माणूस उचलूनही नेतो.

समजा, या कामाला टिफ्रॅकएवढे यंत्र लागले असते. मग अक्राणीच्या डोंगरातल्या म्हातारीला शहरात जावे लागले असते. जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी तिच्या अंगावर पडली असती. यंत्र हलके झाले म्हणून ते माणसाकडे येऊ लागले. हलक्या यंत्राचा हा पहिला गुण.

दुसरा गुण विजेचा. कमी विजेत ते जास्त वेळ चालते. टेबलावरचा मोठा संगणक आणि त्याचा पडदा मिळून साधारण १०० ते १५० वॉट वीज घेतात. लहान लॅपटॉपला साधारण १५ वॉट पुरतात. एका युनिटमध्ये १,००० वॉट एक तास वापरता येतात. म्हणजे एका युनिटमध्ये मोठा संगणक सात ते दहा तास चालेल. लहान लॅपटॉप ६५ तासांच्या वर चालेल. त्याच्या पोटात बॅटरीही असते. वीज गेली तरी काम अडत नाही. आपल्याकडे वीज कधी येते, कधी जाते, ते सांगायला नको.

तिसरा गुण किमतीचा. पण स्वस्त आहे म्हणून लगेच घ्यावे का? थांबा. त्याआधी वारणेची गोष्ट ऐका.

३. वारणेचा धडा

कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर आहे. पुरुषोत्तमनगरसारखेच तिथेही सहकारी साखर कारखान्याभोवती लोकजीवन उभे राहिले. १९९८ साली तिथे एक मोठी योजना सुरू झाली. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणकांनी जोडायची होती. गावात संगणकाची खोली असेल, शेतकरी तिथे येतील, बाजारभाव पाहतील, शेतीची माहिती घेतील, अशी कल्पना होती.

पुढे काय झाले? शेतकरी आले. पण बहुतेकांचे विचारणे ठरावीक होते. माझा ऊस किती टन भरला? माझे बिल किती? माझ्या नावावर खत किती? एवढे कळले की शेतकरी घरी जाई. या थोड्या कामासाठी प्रत्येक गावी संगणक, खोली आणि माणूस सांभाळावा लागे. यंत्र बिघडले की दुरुस्तीचा खर्च वेगळा.

मग संशोधकांनी सात गावांत दुसरा प्रयोग केला. त्यांनी संगणकाच्या जागी साध्या मोबाईलचा उपयोग केला. शेतकऱ्याने संदेश पाठवायचा. उत्तर संदेशानेच यायचे. आठ महिने हा प्रयोग चालला. तो स्वस्त पडला आणि शेतकऱ्यांना सोयीचा वाटला. वजन कळायला खोलीपर्यंत जाण्याची गरज उरली नाही.

यातून आपण काय शिकावे? आधी काम पाहावे, मग यंत्र पाहावे. नुसते विचारायचे असेल तर मोबाईल पुरे. बातमी ऐकायची, फोटो पाहायचा, निरोप द्यायचा, एवढ्यासाठी लॅपटॉप घेऊ नका. शेजाऱ्याने घेतला म्हणूनही घेऊ नका. पण लिहायचे असेल, हिशेब मांडायचा असेल, मुलांना अभ्यास करायचा असेल, तर मोबाईलचा पडदा अपुरा पडतो. बोटे दुखतात, डोळे ताणतात. तिथे लहान लॅपटॉप खरा कामाचा.

४. एका घराचा हिशेब

समजा, एक शेतकरी कुटुंब आहे. घरात आप्पा आहेत, माय आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे. आप्पा उसाचा हिशेब वहीत लिहितात. काही चिठ्ठ्या खिशात असतात, काही कपाटावर. मुलगी घरात लॅपटॉप आणते. ती म्हणते, “आप्पा, चिठ्ठ्या द्या. मी मांडून दाखवते.”

ती अशी मांडणी करते. हे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत.

ऊस ४० टन, दर २,८०० रुपये. एकूण १,१२,००० रुपये.
बेणे १२,००० रुपये.
खत १८,००० रुपये.
मजुरी २५,००० रुपये.
पाणी आणि वीज ५,००० रुपये.
एकूण खर्च ६०,००० रुपये.
शिल्लक ५२,००० रुपये.

आप्पा म्हणतात, “अगं, एक चिठ्ठी राहिली. खत अठराचे नाही, एकवीस हजारांचे झाले.” मुलगी अठराच्या जागी एकवीस लिहिते. बाकी काहीच करत नाही. तरी खाली खर्च ६३,००० होतो आणि शिल्लक ४९,००० होते. यंत्र पुन्हा बेरीज-वजाबाकी करते. खाडाखोड होत नाही.

माय जवळ येऊन पाहते. ती म्हणते, “माझ्या मजुरीचा आकडा कुठे आहे? निंदणीला मीच होते ना?” आप्पा हसतात. पण बोलणे खरे आहे. हिशेब उघडा मांडला की घरातल्या सर्वांना दिसतो. कोणाचे कष्ट मोजले आणि कोणाचे राहिले, तेही दिसते. मुलगी नवी ओळ घालते.

ती आणखी एक तक्ता करते. ऊस कोणत्या तारखेला दिला, वजन किती, पैसे कधी आले. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. ज्याच्याजवळ तारीख आणि वजन लिहिलेले आहे, तो सभेत उभा राहून नीट विचारू शकतो. ज्याच्याजवळ लिहिलेले नाही, तो नुसता कुरकुरतो.

आप्पांना वाटते, आपल्याला हे यंत्र जमणार नाही. त्यावरची अक्षरे इंग्रजी. पण त्याच कळांनी मराठीही लिहिता येते. इन्स्क्रिप्ट नावाची एक पद्धत आहे. तीत डाव्या हाताला स्वर आणि काना-मात्रा असतात, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असतात. आधी ‘क’ दाबायचा, मग काना दाबायचा. झाला ‘का’. म्हणजे आपली बाराखडीच की! ज्याला बाराखडी आली, त्याला सरावाने हेही येईल.

५. घेताना काय पाहावे

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. जाणकार माणूस घोड्याच्या नुसत्या झुलीवर भुलत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. लॅपटॉप घेतानाही तसेच करावे.

पहिली गोष्ट, रॅम. मळणीच्या वेळी आपण खळ्यावर धान्य पसरतो. खळे लहान असेल तर थोडे थोडे पसरावे लागते. रॅम म्हणजे यंत्राचे खळे. चालू काम तिथे पसरलेले असते. रॅम कमी असली आणि एकदम दहा कामे काढली, तर यंत्र अडखळते. स्वस्त लॅपटॉपमध्ये पुष्कळदा ४ जीबी रॅम असते. एका वेळी एक-दोन साध्या कामांना ती चालते. थोडे जास्त देऊन ८ जीबी मिळत असेल तर बरे.

दुसरी गोष्ट, साठा. साठा म्हणजे कणगी. लिहिलेले, काढलेले, आणलेले सगळे तिथे राहते. ६४ जीबीची कणगी सगळी आपल्याला मिळत नाही. तिच्यातला बराच भाग यंत्र स्वतःसाठी वापरते. साधा फोटो तीन-चार एमबीचा धरला, तर एका जीबीत अडीचशे ते तीनशे फोटो बसतील. लिखाणाला मात्र फार थोडी जागा लागते.

पुष्कळ लहान लॅपटॉपमध्ये हे खळे आणि ही कणगी पुढे वाढवता येत नाही. म्हणून दुकानदाराला आधीच विचारावे, “हे पुढे वाढवता येईल का?”

तिसरी गोष्ट, बॅटरी. पाटीवर लिहिलेल्या तासांवर विसंबू नका. दुकानात चार्जर काढून यंत्र चालवून पाहा. जुने यंत्र घेत असाल तर किमान अर्धा तास चालवा. प्रत्येक कळ दाबा. पडदा चार वेळा उघडा आणि मिटा. बिजागरी सैल असेल तर ते यंत्र ठेवून द्या.

चौथी गोष्ट, दुरुस्ती. यंत्र शहाद्याला दुरुस्त होईल, नंदुरबारला होईल, की दूर पाठवावे लागेल? पक्की पावती घ्या. हमी किती महिन्यांची ते पावतीवर लिहून घ्या.

पाचवी गोष्ट, डोळे. लहान पडद्यावर अक्षर बारीक दिसते. ते मोठे करता येते, पण मग ओळी थोड्या दिसतात. रोज पुष्कळ लिहिणाऱ्याने स्वतः बसून पाहावे. चित्रपट जुळवणे किंवा मोठमोठे नकाशे काढणे हा ज्याचा धंदा आहे, त्याला हे यंत्र पुरणार नाही. ताजव्यावर उसाची गाडी चढवू नये.

आणि शेवटची गोष्ट, कर्ज. अंथरूण पाहून पाय पसरावे. साठ हजारांचे यंत्र हप्त्याने घेऊन ऊस बिलाची वाट पाहत बसण्यापेक्षा, साठवलेल्या पैशांत लहान यंत्र घेतलेले बरे. एका घराला परवडत नसेल तर बचत गटाने मिळून घ्यावे. कोणी कधी वापरायचे, त्याची वही ठेवावी.

६. यंत्र म्हणजे गुरुजी नव्हे

स्वस्त लॅपटॉपची एक जगभर गाजलेली योजना होती. निकोलस निग्रोपाँटी या अमेरिकन प्राध्यापकांनी ती २००५ साली मांडली. गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला १०० डॉलरचा लॅपटॉप द्यावा, अशी त्यांची इच्छा होती. यंत्र तयार झाले, तेव्हा किंमत १०० वर राहिली नाही. ती १८० डॉलरच्या वर गेली. तरी यंत्र विचारपूर्वक केलेले होते. हिरवा-पांढरा रंग, सुमारे दीड किलो वजन, धूळ शिरू नये असा रबरी कळफलक, उन्हातही वाचता येईल असा पडदा.

आपल्या महाराष्ट्रातही ते आले. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैराट या लहानशा गावी शाळेतल्या मुलांच्या हाती ते दिले गेले.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. तिथे ही यंत्रे फार मोठ्या संख्येने वाटली. पुढे तिथल्या ३१९ खेड्यांतल्या शाळांची पाहणी झाली. तिचा निकाल २०१२ साली बाहेर आला. मुले यंत्र हाताळायला शिकली होती. पण गणितात आणि भाषेत त्यांची प्रगती वाढलेली दिसली नाही.

याचा अर्थ यंत्र वाईट असा नाही. चांगला नांगर दिला म्हणून शेत आपोआप पिकत नाही. नांगरणारा लागतो, बी लागते, राखण लागते. घरात लॅपटॉप आला तरी मुलांशेजारी कोणीतरी बसले पाहिजे. “आज काय लिहिलेस? वाचून दाखव,” असे विचारले पाहिजे. हे आता तुम्ही करू शकता. तुम्हाला वाचता येते.

७. अंगठा देण्यापूर्वी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

पूर्वी कागद पुढे येई आणि माणूस अंगठा उठवी. कागदावर काय लिहिले आहे, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. त्यात किती जमिनी गेल्या, किती घरे बुडाली! म्हणून आपण सही शिकलो. अंगठा सुटला याचा आपल्याला आनंद झाला.

पण पाहा, यंत्र पुन्हा अंगठा मागते. गावात लॅपटॉप किंवा लहान यंत्र घेऊन माणूस येतो. आधार क्रमांक घेतो, बोट ठेवायला सांगतो आणि बँकेतले पैसे देतो. सोय मोठी आहे. बँकेत जाण्याची खेप वाचते. पण बोट ठेवले की व्यवहार झाला. मग ५०० सांगून ५,००० लिहिले असतील तर?

म्हणून बोट ठेवण्यापूर्वी म्हणा, “भाऊ, पडदा माझ्याकडे फिरवा.” नाव वाचा. आकडा वाचा. शून्ये मोजा. मगच बोट ठेवा. पैसे मोजून घ्या आणि पावती मागा. मोबाईलवर आलेला गुप्त अंक, ज्याला ओटीपी म्हणतात, तो कोणालाही सांगू नका. पडदा दाखवायला कोणी कुरकुर करत असेल, तर तिथे बोट ठेवू नका.

मोठा संगणक खोलीत होता, तेव्हा त्याचा पडदा आपल्याला दिसतच नव्हता. लहान यंत्र आपल्या ओट्यावर आले आहे. त्याचा पडदा फिरवता येतो. आपण वाचले, तर ते यंत्र आपल्या उपयोगाचे. आपण मान फिरवली, तर ते ज्याच्या हाती आहे त्याच्या उपयोगाचे.

लक्षात ठेवा

आधी काम ठरवा, मग यंत्र ठरवा.
विचारायला मोबाईल पुरे. लिहायला आणि हिशेबाला लहान लॅपटॉप बरा.
घेण्यापूर्वी चालवून पाहा. पक्की पावती घ्या.
मुलांच्या शेजारी बसा.
वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका.

अभ्यास

१. टेंभली गावी २०१० साली कोणती गोष्ट घडली?
२. वारणेच्या सात गावांत संगणकाच्या जागी काय आले? का आले?
३. रॅमला खळे आणि साठ्याला कणगी का म्हटले आहे?
४. तुमच्या घरच्या एका पिकाचा खर्च वरच्यासारखा वहीत मांडा. घरातल्या माणसांची मजुरीही त्यात लिहा.
५. तुमच्या घरी लॅपटॉप घ्यायचा असेल, तर त्यावर कोणती तीन कामे कराल? ती लिहून काढा. तीन कामे सुचली नाहीत, तर पैसे जपून ठेवा.